चौदाव्या पानावरचा मुद्दा

“मॅडम, एकदा पायता का हे? मले तं काईच समजून नाई राहिलं.”

प्रणिता मोहोडनं मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तिने संशोधनाचा पेपर पाठवला होता, त्या जर्नलची मेल होती. निर्णय : मेजर रिव्हिजन. म्हणजे पेपर नाकारलेला नाही, पण आहे तसा छापणारही नाही. मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. खाली दोन रिव्ह्यूअरचे शेरे होते. रिव्ह्यूअर म्हणजे त्याच विषयातले दोन अभ्यासक. ते पेपर वाचतात, मत देतात आणि त्यांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत, त्यामुळे ते बरेच मोकळेपणाने लिहितात.

पहिल्याने लिहिलं होतं की इंग्रजी स्वच्छ आहे, माहिती भरपूर आहे, मेहनत दिसते. आता लेखिकेला नेमकं काय सापडलं ते कृपया सांगावं. दुसऱ्याने एवढाही विनय दाखवला नव्हता. त्याची एकच ओळ होती : हा पेपर म्हणतो काय?

“एवढी पानं लिहिली मी,” प्रणिता म्हणाली, “अन् हे मलेच विचारून राहिले का म्हणता काय!”

मी अमरावतीला विद्यापीठात पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधनलेखन शिकवते. इंग्रजीतला पेपर कसा लिहायचा, थीसिसची प्रस्तावना कशी बांधायची, दुसऱ्याचं मत घेताना नाव कुठे द्यायचं, असा तो कोर्स. माझ्याकडे भूगोलवाले येतात, वाणिज्यवाले येतात, रसायनवाले येतात. विषय मला त्यातला एकही येत नाही. तक्रार मात्र सगळ्यांची सारखी असते : “मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे.”

प्रणिताचं तसं नव्हतं. ती चांदूर बाजारच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. अभ्यासरजा घेऊन पीएचडीला आलेली. शेतकरी घरातली मुलगी, बोलायला फटकळ, वाचन दांडगं. तिचं इंग्रजी माझ्या कोर्सला येणाऱ्यांत सर्वांत चांगलं होतं. अडचण वेगळी होती. रजा दिवाळीला संपत होती. त्याआधी थीसिस जमा करायची, आणि थीसिस जमा करायची तर एक पेपर स्वीकारलेला हवा. पेपर लटकला की थीसिस लटकणार. मग शाळा, तपासायच्या वह्या, निवडणुकीची कामं, आणि पीएचडी अशीच मागे पडणार. आमच्याकडे असे ‘थोडंच राहिलंय’वाले पीएचडी ओळीने उभे करता येतील.

“ठेवून जा,” मी म्हटलं. “उद्या सांगते.”

मी पेन घेऊन बसले. मला सवय आहे, चूक दिसली की समासात खूण करायची आणि पानाखाली खुणांची यादी करायची. पहिली तीन पानं झाली, खूण एकही नाही. व्याकरण चोख. स्पेलिंग चोख. वाक्यं वाहती. आणि मलाही शेवटी दुसऱ्या रिव्ह्यूअरसारखाच प्रश्न पडला.

पेपरचा विषय होता आठवडी बाजार. सुरुवात ‘इंडिया इज अ लँड ऑफ व्हिलेजेस’पासून. मग भारताची लोकसंख्या. मग महाराष्ट्र. मग विदर्भ. मग वऱ्हाडची काळी माती. त्यानंतर लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे या विषयावर आधी कोणी काय म्हटलंय त्याचा आढावा. त्यात एकेका अभ्यासकाला एकेक परिच्छेद. त्याचं मराठी केलं तर साधारण असं होईल : ‘ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ अमुक यांनी आपल्या अथक परिश्रमांतून बाजारांच्या अभ्यासाला मोलाची दिशा दिली.’ पुढचा परिच्छेद पुढच्या तज्ज्ञांचा. त्यांनीही मोलाची दिशा दिलेली. कोणती दिशा, ते कुठेच नाही. इतक्या लोकांनी दिशा दिल्यावर बाजार नेमका कोणीकडे गेला, हे मला शेवटच्या पानापर्यंत समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रणिताला काहीच सांगू शकले नाही. सुदैवाने त्या दिवशी तिलाही वेळ नव्हता. भूगोल विभागाच्या कार्यशाळेचं उद्घाटन होतं आणि सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. ते नेहमी तिच्याकडेच असतं. विद्यापीठात कोणाचाही कार्यक्रम असो, आधी प्रणिता मोकळी आहे का ते बघतात, मग तारीख ठरवतात. आवाज छान, पाठांतर पक्कं, आणि नाव चुकणं हा प्रकारच नाही.

मी मागच्या ओळीत बसले. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मंचावर बरीच मंडळी होती. प्रत्येकाचं नाव, नावाआधी सन्माननीय, नावानंतर पद. प्रत्येकाला एक रोपटं. हल्ली बुके देत नाहीत. रोपटं कोणाच्या हस्ते कोणाला, हेही आधीच ठरलेलं. यात गंमत करण्यासारखं काही नाही. एका कार्यक्रमात एका माजी विभागप्रमुखांचं नाव घ्यायचं राहिलं होतं, ते पुढे वर्षभर आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत. मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचे आभार.

प्रमुख पाहुणे दुरून आले होते. त्यांना बडनेरा स्टेशनवरून गाडी पकडायची होती. त्यांच्यापर्यंत माइक पोचला तेव्हा खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि मागून समोशांचा वास सुटला होता. पाहुणे उभ्या उभ्याच म्हणाले, “वेळ कमी आहे, मी एकच मुद्दा सांगतो.” तो सांगून ते निघून गेले. तो मुद्दा काय होता, ते तिथे बसलेल्यांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

मी समोसा हातात घेतला आणि मला प्रणिताचा पेपर दिसला. जसाच्या तसा. भारत, महाराष्ट्र, विदर्भ म्हणजे दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे मंच. प्रत्येकाला मान, प्रत्येकाला रोपटं, कोणी नाराज व्हायला नको. आणि पाहुण्यांना, म्हणजे तिच्या स्वतःच्या मुद्द्याला, गाडी पकडायची वेळ झाल्यावर माइक. मी घाईघाईने ऑफिसात गेले आणि या वेळी पेपर मागून उघडला. मुद्दा चौदाव्या पानावर होता. एका लांबलचक वाक्याच्या पोटात, ‘असेही आढळून आले आहे’ असं म्हणत, चोरपावलांनी.

प्रणिता कार्यक्रम आटोपून आली. खांद्यावर पाहुण्यांना द्यायची राहून गेलेली शाल.

“प्रणिता, तू पेपर लिहिला नाहीस. तू कार्यक्रम घेतलास.”

“म्हणजे?”

मी समजावलं. ती आधी हसली, मग तिने पानं उलटून पाहिली, मग कपाळावर हात मारला. “बाप्पा! आभारप्रदर्शनबी केलं की मी शेवटी.”

“आता मला एक सांग. तू इतकी वर्षं काय करतेस, हे आई विचारत असेल ना?”

“विचारते ना. परवाच विचारलं.”

“मग काय सांगितलंस? जसं सांगितलंस तसंच सांग.”

“म्हटलं, आई, सारे म्हणत होते का रस्ता झाला का आठवडी बजार मरते. आपल्या इकडं उलटं झालं. रस्ता झाला तं ऑटो सुरू झाले. ऑटो आले तं बाया बजारात यायले लागल्या. अन् बजार मरायचा तं वाढला.”

“आई काय म्हणाली?”

“आई म्हणे, मीच तं जातो त्या ऑटोत. याच्यासाठी पीएचडी कायले पायजे?”

तोवर मी ते टाइप करून टाकलं होतं. तीन-चार वाक्यं. मी वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चार प्रश्न लिहून ठेवते आणि ते वर्षभर पुसू देत नाही : आजवर काय म्हटलं गेलं, ते कोणी म्हटलं, मला वेगळं काय दिसलं, आणि त्याने काय फरक पडतो. पेपरच्या पहिल्या परिच्छेदात या चारांची उत्तरं यायला हवीत. प्रणिताने आईला जे सांगितलं होतं त्यात एक सोडून सगळी होती.

“सारे म्हणत होते म्हणजे कोण म्हणत होते? नाव घालावं लागेल.”

ती खांद्यावरच्या शालीची घडी घालायला लागली. घडी घालून झाल्यावर ती मोडली आणि पुन्हा घातली.

“इंगोले सर,” ती म्हणाली.

इंगोले सर म्हणजे तिचे गाईड. अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक. रिटायरमेंटला आलेले, कडक आणि विषयात पक्के. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी अकोल्याच्या बाजूच्या गावांमध्ये फिरून एक पेपर लिहिला होता : डांबरी रस्ता आला की गावचा आठवडी बाजार मोडतो. त्या पेपरवर त्यांचं नाव झालं. बाजारांवर लिहिणारा जो तो तोच पेपर सांगतो. प्रणिताच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही त्यांचा सत्कार सर्वांत मोठा होता. आणि चौदाव्या पानावर, त्यांचं नाव न घेता, त्यांच्याच म्हणण्याच्या विरुद्ध निष्कर्ष.

“सरांना माहीत नाही हे?”

“सरांनी पाहिला ना पेपर. त्याइचं नावबी हाये पेपरवर, दुसरे लेखक म्हून. रिव्ह्यूपर्यंत वाचला अन् म्हणे, छान झालं, पाठवून दे.”

म्हणजे तिने मुद्दा इतक्या यशस्वीपणे लपवला होता की दोन रिव्ह्यूअर आणि स्वतःचे गाईड, तिघांनाही तो सापडला नव्हता.

“मॅडम, असं करू,” ती म्हणाली. “नाव नको घेऊ. ‘काही अभ्यासकांच्या मते’ असं लिहू.”

“रिव्ह्यूअर विचारेल, कोणते काही? आणि त्याला उत्तर माहीत असेल.”

“मग पहिला पॅरा सौम्य करू.”

“सौम्यच होता. म्हणून तर परत आला.”

“मॅडम, त्या माणसानं मले लेकीवानी शिकवलं. गावोगाव कसं फिरायचं, लोकाइले कसं विचारायचं, सारं. अन् मी पयल्याच पानावर लिहू का सर चुकले?”

इथे मला माझा नेहमीचा तास घ्यावा लागला. इंग्रजीतल्या पेपरात ‘अमुक चुकले’ असं कोणी लिहीत नाही. तिथे रीत वेगळी आहे. आधी समोरच्याचं म्हणणं नीट, पूर्ण आणि त्याच्या बाजूने मांडायचं. ते त्याला स्वतःला वाचून पटलं पाहिजे. मग सांगायचं, त्यांनी हे या गावांत, या काळात पाहिलं. मग, मी त्या गावांत, त्या काळात पाहिलं, मला हे दिसलं. आणि मग दोन्हींत फरक का, ते शोधायचं. मानपत्र देण्यापेक्षा हा मान मोठा असतो. मानपत्र कोणी वाचत नाही. इथे तुम्ही त्या माणसाचा पेपर इतका वाचलेला असता की त्याच्याशी वाद घालू शकता.

प्रणिताला हे पटलं. पण पटणं वेगळं आणि अकोल्याला जाणं वेगळं. सरांचं नाव पेपरवर होतं, त्यांच्या होकाराशिवाय नवा मजकूर पाठवता येणार नव्हता. आणि ते नाही म्हणाले असते तर दिवाळीपर्यंत दुसरा पेपर लिहून होणार नव्हता.

“तुम्ही चलसान काय संगं?” तिने विचारलं.

हे माझ्या कामात बसत नाही. मी गेले.

रविवारी सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. प्रणिताच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. मूर्तिजापूर येईपर्यंत तिने पहिल्या वाक्यात सरांच्या नावामागे ‘थोर’ आणि ‘द्रष्टे’ अशी दोन विशेषणं घातली आणि मी दोन्ही काढली. मूर्तिजापूर सुटल्यावर तिने एक परत घातलं. समोरच्या बाकावर एक आजोबा होते. ते बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “पत्रिका छापायची हाये काय?”

अकोल्याला सरांच्या घरी पोचलो तेव्हा सर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. वर्तमानपत्र. काकूंनी पाणी दिलं. प्रणिता उभीच राहिली आणि तिने सुरुवात केली, “सर, आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाखाली आज मी जो काही…”

“प्रणिता,” सर म्हणाले, “इथं कार्यक्रम हाये का? कामाचं बोल.”

तिने पान पुढे केलं. सरांनी चष्मा बदलला. एकच परिच्छेद होता, पण त्यांनी तो दोनदा वाचला. मी काकूंनी दिलेल्या पाण्याकडे बघत होते. प्रणिता सरांच्या चपलांकडे.

“म्हणजे माझा पेपर चुकीचा,” सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी विचारलं की सांगितलं ते कळेना. मला मधे बोलायचा मोह झाला. पण पेपर माझा नव्हता.

“मले नाई माहीत, सर,” प्रणिता म्हणाली. आवाज बारीक होता, पण मंचावरचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. “तुमच्या गावांत मी गेलीच नाई. तिथं तुमी म्हणता तसंच झालं असन. माह्या गावांत मले हे दिसलं. बजार वाढला.”

“कोणत्या महिन्यात पाहिलास?”

“सर?”

“चांदूर बाजार म्हणजे संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराचा संत्रा निघाला का मजुरांच्या हाती पैसा येते, बाजार फुगतेच. त्याच दिवसांत जाऊन आलीस अन् मले सांगतेस वाढला?”

“नाई सर. संत्र्याच्या दिवसात गेली, अन् भर उन्हाळ्यातबी गेली. उन्हाळ्यात कोणाच्या हाती काईच नसते. तरी बाया येतच होत्या.”

“दुकानं मोजली का नुसती गर्दी पाहिली?”

“दुकानंबी मोजली. येणारे बाया-गडीबी वेगवेगळे मोजले.”

“वेगळे काहून मोजले?”

“तुमीच तं सांगितलं होतं सर, येणाऱ्याले माणूस म्हून नको मोजू, कोण हाये ते पाय.”

सर खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला माहीत आहे मी तेव्हा कसा फिरलो?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सांगायला लागले. एसटीने गावाच्या फाट्यावर उतरायचं, तिथून सायकल. बाजारात उभं राहायचं आणि जो दिसेल त्याला विचारायचं, कशासाठी आलास, पुढच्या वर्षी येशील का.

“अन् जो दिसला तो गडीच!” सर एकदम मोठ्याने म्हणाले. “बाया बजारात होत्याच कुठं? रस्ता झाला, गड्याइनं फटफट्या घेतल्या अन् सारे अकोल्याले पळाले. बजार मोडला, हे खरं हाये. मी डोळ्यानं पाहिलं. पण घरी बसलेल्या बाईले मी विचारलंच नाई, का तुले गाडी भेटली तं तू कुठं जाशील.”

“ते मी विचारलं,” प्रणिता म्हणाली.

“काय म्हणे ती?”

“म्हणे, अकोल्याले जाऊन काय करू, तिथं भाव करू देत नाई.”

सर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, “मग हे मले आधी काहून नाई सांगितलं? पेपर तं मी वाचला होता.”

“सर, चौदाव्या पानावर होतं.”

“चौदाव्या पानापर्यंत कोण जाते, व!”

आतून काकूंचा आवाज आला, “आधी जेवून घ्या, मंग भांडा.” पण भांडण जेवणातही चालूच राहिलं. पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्सा भाजी होती. सरांनी एका हाताने पातोडी आणि एका हाताने परिच्छेद धरला होता, त्यामुळे त्या पानावर तेलाचे डाग पडले. प्रणिताला आता चांगलाच जोर चढला होता. तिने तिथल्या तिथे वाक्य केलं : रस्त्यांमुळे आठवडी बाजार वाढतात.

“सगळ्या महाराष्ट्राचा ठेका घेतला का?” सर म्हणाले. “तू पाहिली किती गावं?”

याला आमच्या धंद्यात हेजिंग म्हणतात. आपल्या विधानाला कुंपण घालायचं. मी जिथे पाहिलं तिथवर माझं म्हणणं खरं; त्यापलीकडे ‘असं असू शकेल’. वऱ्हाडी माणसाला हे जड जातं. तो एक तर बोलणार नाही, नाही तर ठाम बोलणार. सकाळी बोलायला तयार नसलेली मुलगी दुपारी ऐकायला तयार नव्हती. शेवटी वाक्य असं झालं की या तालुक्यातल्या गावांमध्ये, स्त्रियांना परवडणारी वाहनं आली तिथे, रस्त्यांनी बाजाराला बळ दिलेलं दिसतं. आणि सरांच्या व तिच्या निष्कर्षांतला फरक कदाचित वाहन कोणाच्या हाती आलं यात आहे. ‘कदाचित’वर ती अडून बसली. सरांनी तो शब्द स्वतः लिहिला.

हात धुऊन आल्यावर सर म्हणाले, “आता एक काम कर. माझं नाव काढून टाक.”

“लिटरेचर रिव्ह्यूतून?”

“तिथं राहू दे, तिथं तर पायजेच. लेखक म्हून काढ. पेपर तुझा एकटीचा पाठव.”

प्रणिताचा चेहरा उतरला. तिला वाटलं, सर हसले खरे, पण लागलंय त्यांना. गाईडचं नाव पेपरवरून जाणं म्हणजे आमच्याकडे लोक नाही नाही ते अर्थ काढतात. तिचे डोळे भरून आले. “सर, चुकलं असन तं सांगा. मी तुमच्याबद्दल लिहिलेलं सारं बदलून देतो.”

“ऐक. माझ्या पेपरवर तू आक्षेप घेतेस, अन् त्याच्याखाली माझीच सही. वाचणारा काय म्हणेल? म्हणेल, म्हाताऱ्यानं रिटायर होता होता आपली जुनी चूक पोरीच्या हातानं सारवून घेतली. तुझ्या मेहनतीचं श्रेय मले जाईल. हे तुझं काम हाये. एकटीचं असू दे.” मग काकूंकडे वळून म्हणाले, “अन् मी याले उत्तर लिहीन. सोडतो काय!”

काकू म्हणाल्या, “आता हे रिटायर नाई होत.”

सरांनी जर्नलला तशी मेल त्याच दुपारी केली. मी ती निघताना वाचली. दोन ओळींची होती, आणि त्यांना जे म्हणायचं होतं ते पहिल्या ओळीत होतं.

परतीच्या गाडीत आमचा शेवटचा वाद झाला, आभारावरून. पेपरच्या शेवटी ऋणनिर्देशाला दोन ओळींची जागा असते. प्रणिताने अर्धं पान लिहिलं होतं, त्यात सर होते, काकू होत्या, पातोडीची भाजीसुद्धा होती. भाजी काढायला ती बडनेऱ्याला तयार झाली.

पुढचं काम सरळ होतं. भारत, महाराष्ट्र, विदर्भ गेले. लिटरेचर रिव्ह्यू निम्म्यावर आला. प्रत्येकाला परिच्छेद देण्याऐवजी कोण काय म्हणतं आणि कोणाशी कोणाचं जुळत नाही, असे गट केले. काही ज्येष्ठ मंडळींना नुसत्या कंसात जागा मिळाली. प्रणिता म्हणाली, मंचावर खुर्ची न देता पहिल्या ओळीत बसवल्यासारखं वाटते. मी म्हटलं, तसंच आहे, आणि पहिल्या ओळीतून दिसतंही बरं.

मेल आली तेव्हा ती चांदूर बाजारला घरी गेली होती. फोनवर मागे भाजीवाल्यांचा ओरडा, त्यात कोणी तरी वांग्यांचा भाव सांगत होतं. “मॅडम, झालं! घेतला! एक-दोन बारक्या दुरुस्त्या, बस.” मी विचारलं, दुसरा रिव्ह्यूअर काय म्हणतो? तो खूश होता. त्याने आता विचारलं होतं की हे ऑटो चालवतं कोण, आणि बायकांच्या येण्याजाण्याच्या वेळा तो ठरवतो की बायका ठरवतात. हा प्रश्न चांगला होता. मुद्दा सापडल्याशिवाय कोणी असा प्रश्न विचारत नाही.

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं. ती म्हणे, ऑटोवाल्याले मी इचारतो, तू लिही.”

थीसिस दिवाळीच्या सुट्टीआधी जमा झाली. रजा संपली त्या दिवशी ती शाळेत हजर झाली. इंगोले सरांनी उत्तर लिहायला घेतलंय. त्यांनी पहिला खर्डा मला पाठवला आणि मी पहिल्या पानावरचे सहा परिच्छेद काढून परत केला. त्यावर ते अजून बोललेले नाहीत, पण दुसरा खर्डा आला आहे.

आता नवीन बॅच आली की फळ्याच्या कोपऱ्यात मी चार प्रश्नांखाली पाचवा लिहिते : हे वाचून कोणाला वाद घालावासा वाटेल? आणि ज्याचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं येतं, त्याला व्याकरण न तपासता घरी पाठवते.